अण्णांना ऐकवलेली हलगी

आमच्या हिंजवडीच्या कंपनीत दक्षिण फ्रान्सचा एक इंजिनिअर वर्षभरासाठी आला होता. त्याच्या आजीची भाषा ऑक्सितान. ती बोलते म्हणून आजीला शाळेत मार बसायचा, त्यामुळे तिने पुढे मुलांना ती शिकवलीच नाही. नातवाने मात्र हट्टाने शिकून घेतली. गावाकडच्या नाचाच्या जुन्या चाली, मध्येच त्याच भाषेत तावातावाने रॅप आणि खाली शेजारच्या अल्जेरियन पोरांकडून उचललेले ताल, असा त्याचा कारभार होता. कँटीनमध्ये तो टेबल बडवत गायला लागला की आमची पब्लिक डबे उघडे टाकून बघत बसायची.

"तुमच्याकडे काय आहे असं?" त्याने एकदा मला विचारलं. मी "हलगी" म्हणून गेलो.

म्हणून गेलो खरा, पण आमच्या येरवड्याच्या घरात हा शब्दसुद्धा चालत नव्हता. आजोबा गावात हलगी वाजवायचे. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं, वाजवायचं आणि उकिरड्याच्या कडेला बसून मिळेल ते खायचं. ज्या वर्षी धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी सुरीने हलगीचं चामडं फाडलं आणि कडं भंगारात घातलं. माझे वडील, म्हणजे अण्णा, ही गोष्ट सांगताना ताठ बसत. फ्रेंच गड्याच्या आजीची भाषा मारून काढून घेतली होती आणि आमची हलगी आम्ही आपल्या हाताने टाकली होती. हा फरक त्याला समजावता समजावता माझं इंग्रजी संपलं.

तरी शिकलो. मंगळवार पेठेतल्या एका हलगीवाल्याकडे रविवारी जायचो. कागद पेटवून चामडं शेकायचं, ते ताणून खणखणीत बोलायला लागलं की वाजवायला घ्यायचं. माझा हात इतक्या लवकर बसला की मीच घाबरलो. मग माझं मराठी रॅप, त्याची ऑक्सितान चाल आणि दोन्हींच्या खाली हलगी, असं आम्ही जमवलं. मला हे फार आवडत होतं, आणि तरीही सुख नव्हतं. अण्णांनी एकदा ऐकावं, चांगलं म्हणावं, एवढंच डोक्यात होतं. घरी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "का, पगार पुरत नाही?" त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला यावं म्हणून मी फक्त त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. आले शेवटी. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. हॉलमध्ये आग चालत नाही म्हणून मी हलगी पार्किंगमध्ये शेकली, तेव्हाही ते लांबूनच बघत होते.

वाजवलं मात्र झकास. लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. मी सारखा शेवटच्या रांगेकडे बघत होतो. अण्णांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

संपल्यावर मी, फ्रेंच गडी आणि अण्णा दाराशी उभे होतो तर आमचा मॅनेजर धावत आला. "अरे, काय तोडलंस! पुढच्या महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे, दोघंही या. हा आपला फ्रेंचमन गेस्ट म्हणून येईलच, तू वरातीपुढे वाजव. रॅप-बिप नको, नुसती हलगी."

अण्णांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "आणि ह्याच्या जेवणाचं?"

"डोन्ट वरी, काका. वाजवणाऱ्यांची सोय मागच्या बाजूला वेगळी असतेच."

माणूस वाईट नव्हता. मनापासून हसत होता. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले.

कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. हलगी माझ्या मांडीवर होती. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे अण्णा बोलले.

"हात चांगला आहे तुझा. माझ्या बापाचाच."

ह्या एका वाक्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"वाईट वाजवलं असतंस तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले.