खिडकीबाहेरचा पडदा

सगळी इमारत त्यांना शिलाईकाकू म्हणायची. सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडच्या खोलीत त्यांचं शिवणाचं मशीन होतं आणि त्याच खोलीत काकांची कॉट. काकांना दमा, उकडलं की जीव कासावीस व्हायचा. म्हणून मुलाने एसी बसवून दिला होता. पण उन्हाळ्यात दुपार कलली की एसी नुसता घरघरायचा, विजेचं मीटर पळत राहायचं आणि खोली काही गार व्हायची नाही. मुलगा म्हणाला, याहून मोठा घेऊ. काकूंनी काचेला हात लावला तर चटकाच बसला. ऊन आधी आत घ्यायचं आणि मग ते बाहेर काढत बसायचं, हा कुठला शहाणपणा, असं त्यांनी मुलाला सुनावलं.

जाड पांढरं कापड त्यांनी दुहेरी शिवलं. सुताराकडून चौकट करून घेतली आणि तो पडदा खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर पुढे, तिरका ताणून बसवला. काच तापेनाशी झाली. एसी थोडाच वेळ लावायचा, पुढे पंख्यावर भागायचं. काका कितीतरी दिवसांनी दुपारचे मस्त घोरले.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. शोभा जाते, नियमात बसत नाही, उतरवा म्हणाले. काकूंनी त्यांना पाणी दिलं. पडदा मात्र उतरवला नाही. पुढे एकदा त्या बाजारात गेल्या असताना सेक्रेटरींनी रखवालदाराला गच्चीवर पाठवून पडदा कापायला लावला. काकू परतल्या तेव्हा काका घामाघूम होऊन धापा टाकत बसले होते. काकूंनी त्यांना सावरलं, एसी लावला आणि मशीनवर बसल्या. अंधार पडायच्या आत नवा पडदा टांगलेला होता.

इमारतीच्या मीटिंगमध्ये पडद्याचा विषय निघाला. काकू उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही कापत राहा, मी शिवत राहीन. आधी कोण दमतं ते बघू."

"पण काकू, नियम आहे."

"नियम करताना दुपारचे माझ्या खोलीत येऊन बसला होतात का? उद्या या. मग सांगा नियम."

ते आले नाहीत. नोटीस तेवढी आली. काकूंनी तिची घडी करून मशीनच्या डगमगत्या पायाखाली सारली.

काही दिवसांनी खालच्या मजल्यावरची नर्स स्वतःच्या खिडकीचं माप घेऊन आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. आज त्या भिंतीवर बरेच पडदे आहेत. सेक्रेटरी अजून काकूंशी बोलत नाहीत आणि काकूही आपणहून बोलायला जात नाहीत.