कुलूपकाकांची दुसरी चावी

कुलूपकाकांचा उभा जन्म दुसऱ्यांची दारं बंद करण्यात गेला. दुकान सोडल्यावर उरलीसुरली सगळी विद्या त्यांनी आपल्याच दारावर ओतली. कुलूप घरी बनवलेलं, त्याची खुबी त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. दाराखालच्या फटीला तर अशी पट्टी ठोकली होती, की कागदसुद्धा आतबाहेर सरकू नये.

बायको गेल्यापासून काका एकटेच राहत. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती दर रविवारी यायची, बेल वाजवायची आणि चहा पिताना दुसरी चावी मागायची. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "दुसरी चावी दिली की ते कुलूप माझं राहिलं का?" चाव्या शेजारीपाजारी वाटणारे लोक पुढे डोक्याला हात लावून दुकानात येऊन बसतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मग मुलगी दम भरायची, "बरं. पण एकदा जरी पडलात ना बाबा, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं." काका मान डोलवायचे. पडायला ते काय लहान पोर होते?

लोकांना शहाणपण वाटण्यात मात्र काकांचा हात कुणी धरला नसता. समोरच्या खोल्यांत राहणाऱ्या शिंपीणबाईंच्या न्हाणीघरात त्यांनी धरायला लोखंडी दांडी बसवून दिली, पायपुसण्याखाली रबर चिकटवलं, जिन्यात जास्त उजेडाचा दिवा लावायला लावला. "आपल्या वयात हाड मोडलं की माणूस मोडतो, बाई," असं वर बजावलं. स्वतःच्या न्हाणीघरात दांडी नव्हती. सांगणाऱ्याला स्वतःचा सल्ला लागू होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत असावी.

त्या सकाळी काका दाराच्या वरच्या बिजागरीला तेल घालायला स्टुलावर चढले. पायात लोकरी मोजे. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा सारायचं बरेच दिवस मनातच राहिलेलं. तेलाची कुपी एकीकडे गेली, काका दुसरीकडे.

उठायला गेले तर कमरेतून अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. फोन स्वयंपाकघरात. चावी खिशात होती खरी, पण कुलूप हातभर वर, आणि तो हातभर काही केल्या चढवेना.

धप्प आवाज ऐकून शिंपीणबाई दाराशी आल्या.

"भाऊ, काय पडलं?"

"मीच पडलो."

"मग दार उघडा की."

"उघडता आलं असतं तर पडलो म्हणून तुम्हाला सांगितलं असतं का?"

"बरं, चावी खालून सरकवा."

काकांनी पट्टीकडे पाहिलं. किती मन लावून ठोकली होती. "सरकत नाही," ते हळूच म्हणाले.

"मग दार फोडायला माणसं बोलावते."

हे ऐकून काका कळवळले. पडल्याची नव्हे, याची त्यांना खरी भीती वाटली. दार फुटलं की मुलीला एक शब्द बोलायची गरज उरणार नव्हती. बायकोने शिवलेले पडदे, खिडकीजवळची खुर्ची, वाटेल तेव्हा उठून करून घेतलेला चहा, सगळं त्या दाराबरोबरच जाणार होतं.

"फोडू नका," ते म्हणाले. "बाजारातल्या त्या छापखान्याला बोलवा."

छापखाना म्हणजे काकांनंतर बाजारात आलेला कुलूपवाला. यंत्रावर भराभर चाव्या काढून देतो म्हणून काकांनीच त्याला हे नाव चिकटवलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर म्हणायलाही ते कमी करत नसत. तरी बिचारा हातातलं काम टाकून आला. बराच वेळ तारा घालून खुडबुड केली.

"काका, हे काय करून ठेवलंय? कुठूनच दाद देत नाही."

जमिनीवर पडल्या पडल्या काकांची छाती फुगली. मग कळ पुन्हा आली. फरशीचा गारठा पाठीत शिरत होता. आपलं कुलूप किती भारी हे सिद्ध होईल आणि ते पाहायला आपणच नसू, एवढं गणित त्यांना कळलं. जी गोष्ट मरेपर्यंत कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं, ती आता न मरण्यासाठी सांगावी लागणार होती.

"आधी बंद करायच्या बाजूने दाब," काका म्हणाले. "खट्ट झालं की मग उघड."

दार उघडलं. शिंपीणबाईंचा चेहरा दिसला आणि काकांना चक्क रडू आलं. त्यांनी ते कमरेतल्या कळेवर ढकललं.

हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. काही आठवडे वॉकर धरून चालायचं, स्टुलाचं तोंड पाहायचं नाही, असं सांगून डॉक्टर गेले. संध्याकाळी मुलगी आली. काकांनी स्वतःच विषय काढला.

"पडलो. अट लक्षात आहे माझ्या."

मुलगी त्यांच्या पायांशी बसली. "आई गेल्यापासून या घरात मी पाहुणी झालेय, बाबा. बेल वाजवायची आणि तुमच्या पावलांचा आवाज येईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. आज आवाज आला नाही तर काय करायचं, ते मला एकाही रविवारी माहीत नव्हतं."

काका चोरांचा विचार करत बसले होते. दाराबाहेर उभ्या असलेल्या पोरीचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली.

"सामान नका बांधू," ती म्हणाली. "मला फक्त आत येऊ द्या."

काकांनी खुर्चीत बसून, कानस घेऊन, दोन चाव्या घासल्या. एक शिंपीणबाईंना दिली. सकाळी काकांचा पडदा बंद दिसला तर त्यांनी सरळ आत यायचं, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात काका जरा जास्त झोपले, तर बाई हातात कात्री घेऊनच पलंगाशी हजर. दाराखालची पट्टी छापखान्याने उपटली आणि न्हाणीघरात दांडी ठोकली. काकांनी त्यात फक्त तीनदा चुका काढल्या आणि शेवटी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून चहा दिला. फोन आता गळ्यात असतो.

रविवारी काका खिडकीजवळ बसले होते. बेल वाजली नाही. कुलपात चावी फिरली, दार उघडलं आणि पिशवी टेकवल्याचा आवाज आला.

"बाबा?"

काका उठले नाहीत. "ये," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "चहा तूच टाक."