कोरड्या दिवसाचे फोटो

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्याची एक छापील पुस्तिका सक्तीची होती. तिच्यात नुसते प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी आखलेल्या ओळी. उत्तर केवढं हवं, ते ओळींवरूनच कळायचं. 'तुमच्या परिसरातील प्रदूषणाचे वर्णन करा' याला पानभर ओळी, आणि 'त्यावर तुम्ही काय केले?' याला दोन. प्रश्न काढणारे लोक अनुभवी असावेत.

त्यातला एक प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे. 'डासांची उत्पत्ती रोखण्यासाठी तुमच्या घरी आठवड्यातून एकदा कोरडा दिवस कसा पाळला जातो? रिकाम्या भांड्यांसह कुटुंबाचे छायाचित्र जोडा.' कोरडा दिवस म्हणजे घरातली पाण्याची सगळी भांडी उपडी करायची, घासायची आणि उन्हात सुकवायची. त्याने डासांच्या अळ्या मरतात. शास्त्र अगदी बरोबर आहे. फक्त भांडी सुकली की नळाला पाणी येणार, हे त्यात धरून चाललेलं आहे.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात पाणी आठवडा उलटून गेल्यावर येतं. उन्हाळ्यात तर कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत श्रीमंती मोजायची ती टिपाडांवर. टिपाड म्हणजे कारखान्यात रसायन भरून येतं ते मोठं निळं पिंप. आमच्याकडे अशी टिपाडं होती, शिवाय हंडे, कळशा, बादल्या, आणि पाणी सुटल्याची आरोळी आली की पातेली, कुकर, परात सुद्धा. एकदा आत्याने चहाच्या किटलीत पाणी भरून ठेवलं होतं, आणि पाहुण्यांना चहा म्हणून तेच ओतणार होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जिल्ह्यातल्याच बेलापूरला दिलेली होती. नवरा गेल्यावर आमच्याकडे आली आणि आल्या दिवसापासून घराचा ताबा घेतला. माझ्या कॉलेजचा तिला माझ्यापेक्षा जास्त अभिमान. गल्लीतल्या आम्ही तीन मुली एकाच वर्गात होतो, आणि आमचे मार्क ती गल्लीचे मार्क धरायची. आदल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता. त्यातून ती उठली, पण सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा झाला तर पहिल्यासारखा साधा नसतो. जपा यांना."

मी जपायचं ठरवलं. म्हणजे काय करायचं, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. डेंग्यूचे डास दिवसा चावतात आणि घरातल्याच स्वच्छ पाण्यात वाढतात. आमच्या टिपाडात डोकावलं की त्या वळवळणाऱ्या अळ्या दिसायच्या. पाणी ठेवावं तर अळ्या, पाणी ओतावं तर घरात प्यायला थेंब नाही. मला त्या प्रश्नाचं उत्तर खरोखर हवं होतं. ते पुस्तिकेत असेल असं वाटण्याइतकी मी लहान होते.

मी खरं उत्तर लिहिलं. 'आमच्याकडे कोरडा दिवस पाळता येत नाही, कारण पाणी आठवड्याहून उशिरा येते. अशा ठिकाणी काय करावे?' पुस्तिका तपासणाऱ्या मॅडमनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि शेरा दिला, 'उत्तरात प्रश्न विचारू नये. पुन्हा लिहा. छायाचित्र जोडा.' पुस्तिकेवर सही नाही तर परीक्षेला बसता येत नव्हतं. मी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा मॅडम चांगल्या बोलल्या.

"अगं, माझ्याकडे तरी कुठे रोज पाणी येतं? बाथरूममध्ये दोन पिंपं भरून ठेवलीत मी."

"मग मॅडम, तुम्ही कोरडा दिवस कसा पाळता?"

"मला कुठे पुस्तिका भरायचीय?" त्या म्हणाल्या, आणि यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. मलाही लगेच वाटलं नाही, हे विशेष.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. तिने मॅडमना, पुस्तिकेला आणि नगरपालिकेला एका दमात झाडलं आणि मग विचारलं, "फोटूत भांडी रिकामी दिसली म्हंजी झालं न्हवं?"

"फोटोसाठी का होईना, ओतावं लागेलच ना पाणी."

"ओतायचं कशाला? सरकवायचं."

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कुरडया पाळीने होतात. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, आणि सगळ्याजणी सगळीकडे राबतात. आत्याने तीच पद्धत पाण्याला लावली. रविवारी सकाळी आमच्या घरातलं पाणी शेजारच्या काकूंकडे, म्हणजे तिघींतल्या दुसरीच्या घरी, गेलं. आमची भांडी घासून अंगणात उपडी पडली, आम्ही त्यांच्यामागे ओळीने उभे राहिलो, फोटो निघाला. मग काकूंचं आणि आमचं पाणी मिळून आमच्याकडे आलं, त्यांचा फोटो निघाला. मग तिसऱ्या मुलीच्या घरचं. बायका कळशांवर कळशा नेत होत्या, पोरं मध्ये नाचत होती, कुणीतरी भजी तळली. बघता बघता ज्यांच्या घरात कॉलेजचं कुणी नव्हतं त्यांनीही हौसेने फोटो काढून घेतले. वाटेत थेंब सांडला तरी आत्या अंगावर येत होती.

मी सुरुवातीला प्रत्येक कळशी फडक्याने गाळत होते.

"आत्या, अळ्या आहेत गं यात. सगळ्या गल्लीत जातील."

"गाळ की मग. तुला कोन नगं म्हनतंय?"

पण एका फडक्याने सबंध गल्लीचं पाणी किती गाळणार? दुपारपर्यंत फडकं बाजूला राहिलं. संध्याकाळी ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या घरी परत पोहोचलं, पण ते नेमकं त्याचंच होतं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. ज्यांच्याकडे अळ्या नव्हत्या त्यांच्याकडेही आता थोड्या थोड्या आल्या. डासांच्या प्रसाराचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलं नाही.

आम्हा तिघींना पैकीच्या पैकी मार्क पडले. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी सगळ्या गल्लीचे फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. तिथून ते प्राचार्यांकडे गेले, तिथून नगरपालिकेच्या स्वच्छतेच्या स्पर्धेत. आणि एक दिवस गल्लीच्या तोंडाशी हिरवा बोर्ड लागला: 'डासमुक्त गल्ली'. साहेब आले, नारळ फुटला. आत्याचा गल्लीच्या वतीने सत्कार झाला. तिला तुळशीचं रोप दिलं, कुंडीसकट, आणि कुंडीखाली पाणी साचायला सुबक प्लॅस्टिकची ताटली. कुंडीखालच्या ताटलीत डास कसे वाढतात, हा पुस्तिकेतला पुढचा प्रश्न होता.

बोर्डाखालून जाताना आत्या पदर सारखा करायची. मला हसू यायचं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

पावसाळा लागला तशी गावात तापाची साथ आली. पाण्यात औषध टाकणारे आणि धूर मारणारे फिरू लागले. आमच्या मागच्या गल्लीत घराघरात शिरून त्यांनी टिपाडांत औषध टाकलं. आम्ही झाकणं काढून वाट पाहत बसलो, आणि ते बोर्डापाशी येऊन वळले. मी पळत त्यांच्यामागे गेले.

"आमची गल्ली राहिली की."

"ताई, तुमची डासमुक्त हाय. तुमच्यात न्हाई टाकायचं, वरून सांगितलंय."

"अहो, अळ्या आहेत आमच्याकडे. दाखवते, चला."

त्याने माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. "असं कसं म्हनता ताई? तुमचेच फोटू हायेत की. आमाला दाखवलेत ते, असं करा म्हनून."

एका टिपाडात तरी टाका म्हणून मी गयावया केली. तो चांगला माणूस होता. वरून लिहून आणा, लगेच टाकतो, म्हणाला. वडील दोनदा नगरपालिकेत जाऊन आले. तिथे त्यांचं अभिनंदन झालं.

मग आत्याला ताप आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, दमल्यामुळे. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली. हे दुखणं आम्ही आधी पाहिलं होतं. तपासणीत डेंग्यूच निघाला. रक्तातल्या पेशी भराभर कमी होत गेल्या तेव्हा इथल्या डॉक्टरांनी नगरला हलवायला सांगितलं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ती ते पदराने पुसून पदर मुठीत लपवत होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. रस्ताभर मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते, आणि मध्येच पुस्तिका छापणाऱ्याशी.

नगरच्या दवाखान्यात नर्सने पत्ता विचारला. मी तोंड उघडायच्या आत आत्या मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बेलापूर." सासरच्या घराचा सगळा पत्ता तिने खणखणीत सांगितला. नर्स गेल्यावर मी तिच्यावर चिडले.

"अगं, बेलापूर कशाला सांगितलंस?"

"गल्लीचं नाव सांगितलं तर बोर्ड काढत्याल. मग तुमा पोरींचं मार्क?"

"मार्क गेले खड्ड्यात!"

"तसं म्हनू नगं," ती म्हणाली. "लई पानी वाहिलंय त्यासाठी."

डेंग्यूच्या रुग्णाचा म्हणून तो पत्ता दवाखान्यातून आपल्या रीतीने वर गेला आणि सरकारी यंत्रणा हलली. एकदम तत्परतेने हलली, नावं ठेवायला जागा नाही. बेलापूरहून आत्याच्या दिराचा फोन आला, की वहिनीला बरं नाही का, कारण आमच्याकडे माणसं आली होती, घर आत-बाहेर धुराने भरलं, सगळ्या शेजारच्या टिपाडांत औषध टाकून गेली. आत्या त्या घरात कित्येक वर्षांत राहायला गेली नव्हती. सुनेची आठवण सासरी एवढी कधी निघाली नसेल.

आत्या वाचली. पेशी एकदाच्या वर चढल्या त्या सकाळी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मोठ्याने रडले. तिला घरी आणलं तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. रिक्षा बोर्डाखालून आत वळली, आणि आत्याने सवयीने पदर सारखा केला.

त्यानंतर मी तिला दिवसासुद्धा मच्छरदाणीत बसवू लागले. ओट्यावर बाज, बाजेवर मच्छरदाणी, आणि आत लसूण सोलणारी आत्या. येणारे-जाणारे हसायचे. मी कुणाला जुमानलं नाही. बोर्डामुळेच आपल्याकडे औषध पडत नाही, हे गल्लीत सगळ्यांना मी सांगितलं होतं. त्यांना ते पटलंही होतं, पण बोर्ड काढा म्हणायला कुणी जात नव्हतं, आणि वडिलांनी दिलेल्या अर्जाला उत्तर येत नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत एक नवा प्रश्न आला. 'तुमच्या शहरातील डासमुक्त परिसराला भेट द्या. तेथील एका ज्येष्ठ नागरिकाची मुलाखत घ्या. छायाचित्र जोडा.' तालुक्यात असा परिसर एकच होता. पहिल्या वर्षाच्या पोरी घोळक्याने आमच्या गल्लीत येऊ लागल्या. मी त्यांना पाणी कसं सरकवलं इथपासून नगरच्या दवाखान्यापर्यंत सगळं सांगायची. त्या डोळे मोठे करून ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, "पण ताई, लिहायचं काय?"

त्यातली एक अगदी किडकिडीत मुलगी होती. कुठल्या तरी वस्तीवरून रोज एसटीने यायची. दुसऱ्या दिवशी पुस्तिका द्यायची होती आणि तिचा फोटो राहिला होता. तिने आत्यापुढे मोबाईल धरला, खाली केला, पुन्हा धरला.

"आत्या, तेवढी मच्छरदाणी जरा वर करता का? फोटोत दिसतीया. मॅडम सही नाही करणार."

मी म्हणाले, "नाही करायची वर. असाच काढ."

मुलगी रडवेली झाली. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लसणाचं ताट बाजूला ठेवलं, आणि मी थांबवायच्या आत मच्छरदाणी गुंडाळून वर टाकली. पाय बाजेखाली सोडून, पदर नीट करून ती ताठ बसली.

"काढ गं बाई. लवकर काढ."

दुपारची वेळ होती. तुळशीच्या कुंडीकडून एक डास निघाला आणि आत्याच्या घोट्याशी घुटमळू लागला. मी मुलीच्या हातातली पुस्तिका घेतली, बाजेशी उकिडवी बसले आणि आत्याच्या पायांना वारा घालू लागले.

"ताई, तुमचा हात येतोय फोटोत," मुलगी म्हणाली. "जरा बाजूला घ्या ना."

मी हात बाजूला घेतला नाही.