विहिरीवरचा डबा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बीएस्सी, फिजिक्स. हे मी चारचौघांत सांगतो आणि सांगत राहीन, कारण ते फुकटात मिळालेलं नाही. बालाघाटला नोकरी आहे. उरलेला वेळ जुन्या सर्किटांत जातो. माझ्या घरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते. टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या सेलवर पंखा फिरतो. बायको म्हणते, "घर हाय का कबाडीची दुकान?" म्हणू दे. वाया जाणारं पाणी पाहिलं की माझा जीव तुटतो, एवढं खरं.

आमचं गाव तिरोडीकडे. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा जमिनीची वाटणी झाली; विहिरीची कशी होणार? मग दिवस वाटले. एक दिवस पाण्याची पाळी आमची, दुसऱ्या दिवशी काकाची. विहिरीवर दोघांच्या दोन मोटरी. शेतातली लाइट कधी सकाळी येते, कधी भर दुपारी. त्यामुळे ज्याची पाळी त्यानं बटन दाबायला दिवसभर विहिरीवर बसून राहायचं. आणि बसल्या बसल्या डोळा लागला, की पाणी बांध फोडून नाल्यात.

मी म्हटलं, हे बसणं बंद करतो. डबा बनवला. लाइट आली की ज्याची पाळी त्याची मोटर सुरू, तीन तास झाले की बंद. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. मोटरींच्या जागी दोन बल्ब लावून घरी पंधरा दिवस तपासला. एक दिवस लाल, एक दिवस हिरवा. एकदाही चुकला नाही.

रविवारी जाऊन बसवला. बाबांची मोटर माझ्यासमोर सुरू झाली, तीन तासांनी बंद झाली. काका डब्याभोवती दोनदा फिरला.

"म्हंजे मी नसलो तरी माह्या दोडक्याले पानी भेटन?"

"हौ काका. तुम्ही बिनधास्त जा."

काकाची पोरगी गोंदियाला सासरी, दिवस भरत आलेले. उन्हाळ्यात काका विहीर सोडून कुठं जात नसे. त्या वर्षी सोमवारच्या गाडीनं काका-काकू घराला कुलूप लावून गेले, दहा दिवसांसाठी. माझ्या शब्दावर.

परत आल्यावर काकाचा फोन आला. "येऊन पाहून जाय," एवढंच बोलला.

दोडक्याचा मांडव उभाच्या उभा वाळला होता. पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडत होती. बाजूला आमचं उन्हाळी धान गच्च हिरवं.

डबा उघडायच्या आधीच मला कळलं. दिवस मोजायचं काम मी त्याच्या तात्पुरत्या आठवणीवर सोडलं होतं. घड्याळ आणि त्याचा सेल टाकलाच नव्हता. लाइट गेली की डबा सगळं विसरायचा आणि आली की पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचा. पहिला दिवस आमचा. बाबा थोरले, म्हणून त्यांची पाळी आधी लिहिली होती. शेतातली लाइट रोज जाते, म्हणजे रोज पहिलाच दिवस. माझ्या घरी इन्व्हर्टर आहे. तिथं पंधरा दिवसांत डब्याला लाइट गेल्याचं कळलंच नव्हतं.

हे सगळं मी काकाला समजावून सांगितलं. मेमरी, रीसेट, टेक्निकल प्रॉब्लेम. तो ऐकत राहिला.

"बीएस्सी हायेस ना तू?"

"हौ."

"गावात लाइट जाते हे मले अंगठाछापाले मालूम हाय. अन् तुले मालूम नाई?"

मी मूर्ख आहे म्हणावं, तर तो मानायला तयार नव्हता. शिकलेला माणूस एवढा मूर्ख कसा असेल? मग राहिलं एकच: मुद्दाम केलं. "चुकलो काका" हे दोन शब्द तेव्हा तोंडातून निघाले असते तर कदाचित निभावलं असतं. मी पुन्हा मेमरी समजावत बसलो.

घरी बाबांना विचारलं, "रोज आपलीच मोटर चालू होत होती, तुम्हाले दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"तुह्या मशीनले मी कायले हात लावू? म्हटलं, शिकलेल्या पोरानं काही सोचूनच केलं असन."

आणि ते बैलाला पाणी दाखवायला उठून गेले. ते भोळेपण होतं की धान हिरवं दिसत होतं म्हणून डोळेझाक, हे मला आजही ठरवता येत नाही. दुसरं खरं असेल तर काकाचा संशय अर्धा बरोबर होता, फक्त माणूस चुकला होता. पण मुलानं हे कुणाला बोलून दाखवायचं?

घड्याळ बसवलं, सेल टाकला. या वेळी पन्नासदा पिन उपटून पाहिली. एक दिवसही चुकला नाही. डबा घेऊन काकाकडे गेलो तेव्हा त्याच्या वावरात बोअरची मशीन उभी होती आणि सगळ्या वावरावर पांढरी धूळ बसत होती. ते बोअर खोल जाईल तशी विहीर आटणार, हे मला माहीत होतं. पाणी वाचवायला निघालेल्या माणसानं ते उभं राहून पाहिलं.

"काका, आता बरोबर केलाय."

काकूनं चहा आणून दिला. काकानं डब्याकडे पाहिलंही नाही.

"राहू दे, बाबू. पाळीच नाई राह्यली, तं डबा कायले?"