विहिरीतल्या सुनेचा पत्ता

बुलढाण्यातल्या त्या गल्लीत एक गोष्ट दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली जाई. कोपऱ्यावरच्या घराच्या विहिरीत एक सून आहे. सासूच्या जाचाला कंटाळून तिनं भरदुपारी उडी घेतली आणि घरच्यांनी 'माहेरी गेली' म्हणून प्रकरण मिटवलं. महिन्याभरात घर सोडून निघूनही गेले. आता एवढ्यावर कुणाची खात्री पटणार नाही? गल्लीतल्या बाया दर सर्वपित्रीला विहिरीच्या काठावर दहीभात ठेवू लागल्या. कावळे खूश.

मधल्या काळात भाडेकरू आले नि गेले. शेवटी ते घर सुलभाताईंनी विकत घेतलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. भुताखेतांना त्यांच्या लेखी खडूच्या भुकटीइतकी किंमत. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात बारमाही विहीर मिळाली, म्हणून त्या स्वतःवरच खूश होत्या. पण लेक आरोहीला दिवस गेले आणि तिच्या सासूचा, मोताळ्याच्या सोजराबाईंचा फोन आला.

"इनबाई, राग नका मानू. बाळंतीण त्या विहिरीच्या पाण्यानं न्हाणार नाही. आरोही इथंच राह्यल."

पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही! सुलभाताईंनी विहिणीला दोनदा विज्ञान समजावून पाहिलं. दोन्ही वेळा लाईन कटली. कशी कटली ते सोजराबाईंनाच ठाऊक. मग एकच उरलं: ती सून कोण, कुठली, तिचं झालं काय, ते शोधून काढायचं.

सुलभाताईंना हळदीकुंकवाचा मनापासून कंटाळा. त्या संक्रांतीला मात्र त्यांनी ते दणक्यात केलं. वाण म्हणून चांगले झाकणाचे डबे लुटले. डब्याच्या वजनानं जिभा सैल होतात, हे काही विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं.

"म्या ह्या कानानं ऐकलं," भिंतीपलीकडच्या वच्छलाबाई म्हणाल्या. "धपकन. ताक करून राह्यली होती, रवी सुटली हातातून."

"मग बघायला नाही गेलात?"

"गेली नं. तिच्या सासूनं दारच उघडलं नाही. आतूनच म्हणे, सून माहेरी गेली. आता सांगा, माहेरी जाणारीचा एवढा आवाज होते काय?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "देऊळघाटचे लोक. कौशल्या नाव तिचं. माह्याच वयाची."

देऊळघाट गावापासून जवळच. पण इतक्या वर्षांत तिथं जाऊन कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर गोष्ट संपली असती, आणि अशी गोष्ट हातची कोण घालवतं? सुलभाताई दुसऱ्या दिवशीच गेल्या. कौशल्येचा धाकटा दीर माणिकराव ओट्यावर ऊन खात बसला होता.

"वहिनी? विहिरीत?" तो म्हणाला. "काऊन, जळगाव जामोदले पाणी नाही काय?"

जळगाव जामोदला कौशल्याबाई अंगणात वांगं भाजत बसल्या होत्या. चांगल्या गुटगुटीत. आपल्या मरणाची हकीकत त्यांनी मान डोलावत, मन लावून ऐकली.

"पानात काय ठेवतेत?"

"दहीभात."

"मले आवडत नाही तो. वच्छलीले ठाऊक हाये. भरीत ठेवाले काय झालं होतं?"

दोघी हसल्या. हसणं सरल्यावर कौशल्याबाई वांगं उलटत म्हणाल्या, "रडलं काय कोणी?"

सुलभाताईंना तो पदर आठवला. "वच्छलाबाई अजून रडतात."

कौशल्याबाईंनी वांगं विस्तवावरून बाजूला काढलं. इतकी वर्षं आपण इथं सुखानं जेवत होतो आणि तिकडे कुणीतरी आपल्यासाठी रडत होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपण आलो होतो आपल्या लेकीसाठी, एवढंच सुलभाताई मनात म्हणाल्या, आणि आरोहीचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"चला," कौशल्याबाई उठल्या. "तुमच्या इनबाईले दिसून येऊ."

मोताळ्याला सोजराबाईंनी आधी कौशल्याबाईंचे पाय नीट पाहिले. मग पोहे दिले. कौशल्याबाईंनी दुसऱ्यांदा पोहे मागितले, तेव्हा सोजराबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "आरोही, बॅग भर व."

तिघी संध्याकाळी बुलढाण्यात उतरल्या. वच्छलाबाईंनी विहिरीपाशी मैत्रिणीला पाहिलं, पाठीत एक गुद्दा घातला आणि तिच्याच खांद्यावर डोकं टेकलं. जरा वेळानं नाक पुसत म्हणाल्या, "मग ते धपकन काय होतं व?"

तो पाटा होता. नवऱ्याची बदली जळगाव जामोदला झाली होती. सासूचं म्हणणं, त्यानं एकट्यानं जावं आणि सून इथं वाटण करायला राहावी. कौशल्याबाईंनी काठाजवळचा पाटा विहिरीत लोटला आणि दुपारच्या गाडीनं त्या नवऱ्याकडे गेल्या. सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं हे सांगायची सासूला लाज वाटली, म्हणून तिनं 'माहेरी गेली' असं सांगितलं.