सायलोच्या भिंतीवरचे तीन ठोके

भांडुपला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या आवारात, गहू साठवायचा उंच सायलो अजून उभा आहे. निदान मी हे लिहीत असताना तरी उभा आहे. इथे इमारती बांधणार असलेल्या विकासकाच्या रंगीत पुस्तिकेत त्याचा इतिहास एका परिच्छेदात उरकला आहे: बांधकामाचे वर्ष, उंची, साठवणक्षमता. धर्मा मेस्त्रीचा त्यात उल्लेख नाही. नंदकिशोर परबचाही नाही. तो तर याच सायलोत मेला.

सायलोवर कामाला असलेला धर्मा लाकडी मोगरीने भिंत ठोकून आत गहू कुठवर आहे ते नुसत्या आवाजावरून सांगत असे. भरलेली भिंत मुकी असते, रिकामी घुमते. गहू ट्रकमध्ये सोडणारी खालची झडप उघडण्यापूर्वी तीन ठोके मारून थांबायचे, आत कोणी असल्यास तो उलट ठोके देईल, हा नियम कामगारांनीच घालून घेतलेला. झडपेला कुलूप हवे, असा अर्ज मी, गिरणीचा कारकून, तीनदा केला. तिन्ही वेळा ‘नोंद घेतली’ एवढेच उत्तर आले.

चोवीस वर्षांपूर्वी गिरणीतला कामगार नंदकिशोर भिंतीला चिकटून राहिलेला गहू पाडायला आत उतरला होता. कोणीतरी झडप उघडली आणि तो गव्हाखाली गाडला गेला. ‘विनापरवानगी आत गेला, ठोक्यांना प्रतिसाद आला नाही,’ असा अहवाल झाला. त्यावर सही धर्माची, टंकलेखन माझे.

गिरणी बंद पडल्यावर धर्मा तिथेच पहारेकरी म्हणून राहिला. रोज दुपारी रिकाम्या सायलोवर तीन ठोके मारी आणि कान लावून उभा राही. एकदा मी शेजारी होतो. भिंत घुमायला हवी होती. ती मुकी होती.

परवा पाडकामाची यंत्रे आत आली, तेव्हा धर्माने नंदकिशोरच्या विधवेला, कृष्णाबाईला, बोलावून आणले. मला म्हणाला, "तुम्ही लिहिलेलं, तुम्हीपण ऐका."

मग तो तिच्याकडे वळला. "वैनी, त्या दिवशी मी ठोके मारले. आतून वाजला."

"काय वाजला?"

"तीन ठोके. बारीक. मी थांबलंय, तर सुपरवायझर वराडलो, ‘उंदीर असेल रे! ट्रक काय तुझ्या आत्याच्या लग्नाला थांबलेत?’ मी झडप उघडलंय."

कृष्णाबाई रडली नाही. तिने त्याच्या हातातली मोगरी घेतली, भिंतीवर तीन ठोके मारले आणि कान टेकवला.

"आत आसत ते," ती म्हणाली. "आता उघडू नको."

"ए काका, बाजूला व्हा, टाइम नाय आपल्याकडे!" ठेकेदाराचा माणूस ओरडला.

धर्मा झडपेला पाठ लावून उभा राहिला. ठेकेदाराचा माणूस पुन्हा ओरडला. धर्मा हलला नाही.