साक्षीदाराचा शेवटचा काप

मेणताईंच्या खोलीत शिरायचं तर आधी श्वास रोखायचा. दारावर तशी पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती. कुणी दार ढकललं की ताई मान न वळवता म्हणायच्या, "श्वास रोखा, नाहीतर बाहेर व्हा." मोठे डॉक्टर एकदा आत येऊन शिंकले, तर ताईंनी त्यांच्याही नाकासमोर दार लावून घेतलं. नंतर मोठ्या डॉक्टरांनीच माफी मागितल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

मी शेजारच्या खोलीत असायचो. माझं काम पॅथॉलॉजीचे रिपोर्ट टाईप करायचे आणि खिडकीतून लोकांच्या हातात द्यायचे. एकोणीस वर्षं मी तेच केलं. आमच्या दोघांत एक काचेची भिंत होती आणि तिच्यातली एक सरकती काच कायम बोटभर उघडी राहायची, कारण ती पूर्ण बंदच व्हायची नाही. मी स्वभावाने चौकस आहे. ताईंच्या मते भोचक. त्या मला 'टाईपवाले' म्हणायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो आणि मनात धुसफुसायचो, की या बाईच्या तोंडून कधी साधं 'भाऊ' निघत नाही.

त्यांचं काम तसं होतंच श्वास रोखण्यासारखं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे येई. तो पांढऱ्या मेणात बसवून त्याची काड्यापेटीपेक्षा लहान वडी करायची. तिला ब्लॉक म्हणत. मग तो ब्लॉक यंत्रात अडकवून चाक फिरवायचं, की केसाहूनही पातळ काप सुटे. तो कोमट पाण्यावर तरंगवायचा, खालून काच घालून अलगद उचलायचा. जवळ कुणी फुंकर मारल्यासारखं बोललं तरी काप गुंडाळून जाई. ताईंनी अशी कितीतरी वर्षं काढली होती. त्यांच्या कपड्यांना, केसांना, पर्सलासुद्धा मेणाचा वास येई आणि त्यावरूनच त्यांचं नाव पडलं होतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रविवारी नणंदेचा फोन येतो एवढं मला ठाऊक होतं, कारण सोमवारी त्या जास्तच गप्प असत. दुपारचा डबा त्या यंत्रासमोर, भिंतीकडे तोंड करून खात. मी दोनतीनदा "इकडे या की" म्हटलं, मग कानाला खडा लावला.

आता साक्षीदाराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही दुर्मिळ गाठींच्या पेशींवर एक खूण असते. ती डोळ्यांना दिसत नाही. कापावर एक विशिष्ट औषध टाकून रंग केला, की खूण असलेल्या पेशी तपकिरी होतात. खूण असेल तर त्या रोग्याला एक गोळी लागू पडते आणि नसेल तर पडत नाही. पण रंग आला नाही तर खूण नाही, की रंगच बिघडला, हे कसं ओळखायचं? म्हणून रोग्याच्या कापाशेजारी, त्याच काचेवर, आणखी एक काप ठेवायचा. हा असा, की ज्यात खूण आहे हे आधीपासून पक्कं माहीत आहे. त्याला आमच्याकडे साक्षीदार म्हणत. तो रंगला तर रंग खरा.

ही गाठ वर्षाकाठी दोनचार जणांत निघायची, म्हणून तिच्यासाठी आमच्याकडे साक्षीदार एकच होता. नऊ वर्षं तोच ब्लॉक. ब्लॉकवर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

इतर ब्लॉक बसवताना ताईंच्या तोंडून चकार शब्द निघत नसे. हा बसवताना मात्र त्या हळूच म्हणत, "चला हो, तुमची पाळी." मी एकदा त्या फटीतून म्हटलं, "ताई, मेणाच्या वडीलाही अहोजाहो? आम्हाला एवढा मान कधी मिळणार?" त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग दिवसभर बोलल्या नाहीत. मी आपला माझ्या विनोदावर खूश होतो.

त्या वर्षाच्या सुरुवातीला ताईंनी साक्षीदाराच्या रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे 'संपला' असं लिहिलं. आमच्या विभागाच्या मॅडमनी दुसऱ्या शहरातल्या लॅबला पत्र पाठवलं, तिथून नवा ब्लॉक यायला तीन महिने लागणार होते. कुणाला काही वाटलं नाही, ब्लॉक संपतातच. माझ्या चौकस नजरेने एवढंच टिपलं, की ताई आता डबा खाताना टेबलाचा ड्रॉवर अर्धा उघडा ठेवतात. "काय खाऊ लपवलाय ताई?" असंही मी विचारून पाहिलं. त्यांनी ड्रॉवर लावला, आणि मी वळल्यावर पुन्हा उघडला.

नवा ब्लॉक यायला तीन आठवडे उरले होते तेव्हा माझ्या खिडकीशी शिंपीकाका यायला लागले. उंच, वाकलेले, गळ्यात मापाची टेप तशीच विसरलेली. त्यांच्या मुलीच्या मांडीत गाठ होती आणि सुईने काढलेला तिचा एवढासा तुकडा आमच्याकडे आला होता. मुलगी तिशीची, तिला दोन लहान मुलं. काका रोज सकाळी यायचे, खिडकीच्या काठावर दोन बोटं ठेवायचे आणि विचारायचे, "झालं का हो?" मी म्हणायचो, "उद्या बघू." खरं तर झालं होतं आणि अडलंही होतं. मॅडमना गाठ त्याच दुर्मिळ जातीची वाटत होती. साक्षीदार नसतानाही त्यांनी खुणेचा रंग करून पाहिला होता. रंग आला, पण अगदी फिका, धुतलेल्या चहाच्या डागासारखा.

"हा रंग आहे की नुसता डाग आहे, कसं सांगू?" मॅडम ताईंच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "तुकड्यात आता एकच काप निघेल. साक्षीदाराशिवाय तो वाया घालवणार नाही. आणि वरच्या वॉर्डातले डॉक्टर सोमवारी जुनं औषध सुरू करतायत, त्यांना थांबता येत नाही. ते औषध या गाठीवर चालत नाही, तिचे नुसते हाल होतील. पण मी खात्रीने हो म्हणू शकत नाही ना. 'खूण आढळली नाही' असं द्यावं लागेल."

मॅडमनी मला मजकूर सांगितला आणि मी तो टाईप केला. छापलेला कागद सहीसाठी ठेवला तेव्हा शुक्रवारचे चार वाजले होते. ताई घरी निघता निघता माझ्या टेबलाशी थांबल्या आणि त्यांनी तो कागद पूर्ण वाचला. एकोणीस वर्षांत त्या माझ्या टेबलाशी पहिल्यांदा थांबल्या होत्या. बाहेर बाकावर शिंपीकाका बसले होते. ताईंना त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागलं.

शनिवारी सकाळी मी आलो तर ताई माझ्या खुर्चीत बसलेल्या. समोर, कीबोर्डवर, चष्म्याची जुनी डबी.

"हे आमच्या ह्यांचं आहे," त्या म्हणाल्या.

"चष्मा?"

"उघडा."

आत कापूस होता आणि कापसात ब्लॉक. मी नंबर वाचला, पुन्हा वाचला. साक्षीदाराचा नंबर.

"ताई, हा तर संपला होता."

"मी संपवला, रजिस्टरमध्ये. आत नखभर उरलं होतं." त्या डबीकडे बघत होत्या. "आणि नुसती डबी नाही, ब्लॉकही ह्यांचाच आहे. ह्यांची गाठ इथेच आली होती. नंबर मला ठाऊक होता. काप मीच काढले. तेव्हा ही तपासणी नव्हती, गोळीही नव्हती. हे गेल्यावर दोन वर्षांनी मॅडमनी जुन्या ब्लॉकांवर रंग करून बघितला. ह्यांचा सगळ्यांत गडद आला. मॅडमना काय माहीत? मला म्हणाल्या, बघा किती सुंदर आलाय. मीही म्हटलं, हो, सुंदर आलाय."

मला तो माझा अहोजाहोचा विनोद आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरात ह्यांचं काय उरलंय?" ताई पुढे म्हणाल्या. "कपडे नणंदेने वाटून टाकले. विजेचे मीटर वाचायला जाताना न्यायचे ती पिशवीही तिच्या मुलाने नेली. फोटो एकच धड आहे आणि त्यात ह्यांनी डोळे मिटलेत. घरी कुणी नसतं हो. इथे हे होते. पातळ पातळ होत गेले, पण होते. शेवटचं तेवढं मला ठेवायचं होतं."

"मग काल..."

"काल त्या म्हाताऱ्याला बघितलं ना." त्या उठल्या. "आणि मी एक घाण करून ठेवलीय, ती मॅडमना सांगायला हवी. तुम्ही चला बरोबर. एकटीने माझ्याने होणार नाही."

ती घाण अशी होती. ब्लॉक झिजून अगदी केविलवाणा दिसत होता, म्हणून ताईंनी तो वितळवून तो नखभर तुकडा नव्या मेणात नीटनेटका बसवला होता. एखादी बाई जुन्या फोटोला नवी चौकट करून आणते, तसंच. पण नव्याने बसवलेला तुकडा जरा जरी तिरका झाला, तरी यंत्राचं पातं आधी त्याची वर आलेली कड खातं. पृष्ठभाग सपाट होईपर्यंतचे काप तुटकेच निघतात, आणि नखभर तुकड्यात सपाट होईस्तोवर काही शिल्लकच राहत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं आणि तरीही त्यांनी ते केलं होतं, कारण तो पुन्हा कापायचा त्यांचा विचारच नव्हता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ब्लॉक कुणाचा, एवढं मात्र ताईंनी सांगितलं नाही, मीही नाही. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका. खाली नवी ओळ लिहा, 'सापडला'. आणि कापायला बसा."

मी फटीपाशी उभा राहिलो. मॅडम दाराशी. ताईंनी ब्लॉक बसवला, आणि त्यांचे ओठ हलले, पण या वेळी ऐकू काही आलं नाही. चाकाचा पहिला फेरा, नुसतं मेण. दुसरा, मेण. तिसऱ्या फेऱ्याला एका कडेला करडा ठिपका दिसला. ताईंनी स्क्रूने ब्लॉकचा कोन किंचित बदलला. चौथा काप फाटला. पाचवा फाटला. मी श्वास कधी रोखला होता ते मलाच कळलं नाही, छाती दुखायला लागली तेव्हा कळलं. सहावा काप आख्खा आला. ताईंनी तो पाण्यावर सोडला, शिंप्याच्या मुलीचा काप आधीच चढवलेली काच खालून घातली आणि त्याच काचेवर शेजारी उचलून घेतला. सातव्या फेऱ्याला नुसतं मेण होतं. ताईंनी आणखी दोन फेरे फिरवून पाहिले, मग पातं काढून ठेवलं.

रंगाला चार तास लागले. मॅडम सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिल्या आणि मग खुर्चीत मागे रेलल्या. "दोन्ही फिके. साक्षीदारही फिका आलाय. आता?"

"मी बघू?" ताई म्हणाल्या. त्या कधी असं विचारत नसत.

त्या वाकल्या. आधी त्यांनी साक्षीदार पाहिला, इतका वेळ, की मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"हे एवढे फिके नाहीत," ताई म्हणाल्या. "कधीच नव्हते. नऊ वर्षांत एकदाही नाही. बाटली उतरलीय, मॅडम. औषधाचा दम गेलाय. ह्यांना जर एवढाच रंग चढला, तर त्या मुलीचाही खराच आहे."

मॅडमनी गेल्या वर्षीची एक काच कपाटातून मागवली आणि शेजारी लावून पाहिली. तिच्यावरचा साक्षीदार गडद तपकिरी होता. औषधाच्या बाटलीवरची मुदत पाहिली, ती महिनाभरात संपणार होती. मग त्या माझ्याकडे आल्या, कालचा कागद फाडला आणि नवा मजकूर सांगायला लागल्या. 'खूण आढळली.' त्याखाली नेहमीची ओळ असते, 'साक्षीदार तपासला.' ती मी हजारदा टाईप केली असेन. त्या दिवशी तिच्यात माझ्या तीन चुका झाल्या.

शिंपीकाकांनी रिपोर्ट घेतला, काही कळलं नाही म्हणून मलाच वाचायला लावला. गोळी मिळणार एवढं कळल्यावर त्यांनी खिडकीच्या काठावर डोकं टेकलं. पुढे त्या मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही. रिपोर्ट गेल्यावरचं काही आमच्या खिडकीशी परत येत नाही.

काच त्या मुलीच्या नंबराखाली कपाटात गेली. काचेवर चढलेला साक्षीदार रोग्याच्याच नंबरावर राहतो, तशीच रीत आहे. ताईंनी मला तो नंबर विचारून घेतला आणि चष्म्याच्या डबीच्या आतल्या बाजूला लिहिला. "शेवटचे बघितले तेही फिके," त्या म्हणाल्या. एवढं म्हणून रडल्या, उभ्या उभ्या, तोंडावर हातमोजा धरून. मी काचेच्या अलीकडे नुसता उभा होतो.

तीन आठवड्यांनी नवा साक्षीदार आला. दुसऱ्या शहरातल्या कुणा अनोळखी माणसाचा, नवा नंबर, भरपूर मोठा तुकडा. ताईंनी तो यंत्रात बसवला. मी टाईप करायचं थांबून कान दिला. त्या काहीच बोलल्या नाहीत. चाक फिरलं, काप निघाले, काम संपलं.

दुपारी माझ्या खोलीचं दार उघडलं. ताई हातात डबा घेऊन उभ्या होत्या. मेणाचा वास आत आला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आज इथे बसून खाऊ का?"

मी दुसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलले.